अप्पांना छंद लावायचा होता

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की माझ्याकडे समुपदेशनाला एका ठरावीक तऱ्हेची जोडपी यायला लागतात. कारण मजेशीर आहे. साठच्या दशकात आमच्या परभणीकडच्या खेड्यांत पोराची खरी जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या सगळ्या १ जूनवाल्यांना ५८ पूर्ण झाली की सरकार ३१ मेला एका दमात घरी पाठवतं. जून सत्कारात जातो, जुलै पेन्शनच्या कागदपत्रांत. ऑगस्टमध्ये घरात भांड्याला भांडं लागतं आणि मला फोन येतो, “मॅडम, आमच्या ह्यांना काहीतरी छंद लावा.”

छंद लावा! जसं काही दंडावर इंजेक्शन द्यायचंय.

अप्पांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत. अप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्याच्या एका तुकड्यावर आणि त्यातून शेतांकडे फुटणाऱ्या चाऱ्यांवर त्यांची ३४ वर्षं गेली. मोजपट्टीवर पाण्याची पातळी बघायची, गेट किती उघडलंय ते लिहायचं, पाणीअर्ज गोळा करायचे आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं नाही की शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, सुरू असलं की रात्री-अपरात्री कालव्यावर. पावसाळा संपता संपता जरा उसंत.

पहिल्या दिवशी बोलल्या त्या काकूच. “मॅडम, हे घरातलं पाणी मोजायलेत. सूनबाई नळ सोडती, हे मागं उभे. भांड्याला किती बकेटा, आंघोळीला किती बकेटा. परवा ती रडली. साडेचारला उठतेत, लाईट लावतेत, अन् मग दिवसभर ओट्यावर बसून. बोलणं नाही, चालणं नाही.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “ह्यांला सरकारनं रिटायर केलं. मला कोण करणार?”

या वाक्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. नवरा ३४ वर्षं बाहेर होता तेव्हा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते घर काकूंचं होतं. त्यांचा रेडिओ, त्यांची दुपारची झोप, शेजारणींशी गप्पा. ते सगळं एका दिवसात गेलं, आणि त्यासाठी कुणी नारळ-शाल दिली नाही. माझं मत विचाराल तर, निवृत्त माणसाला सकाळचे दोन-तीन तास बाहेर काढणं ही निम्मी त्याची गरज असते आणि निम्मी बायकोची.

अप्पा एवढा वेळ खाली बघत होते. मी आवडीनिवडी विचारल्या तेव्हा त्यांनी मान वर केली. “छंद म्हणजे नेमकं काय असतंय मॅडम? आमच्याकडं छंदी माणूस म्हणजे वाया गेलेला.”

मी हसले, पण मुद्दा खरा होता. आपल्या भागात ‘छंदीफंदी’ ही शिवीच. जन्मभर घर, शेत, नोकरी, पोरींची लग्नं करत आलेल्या माणसाला ५८व्या वर्षी अचानक स्वतःसाठी वेळ घालवायला सांगणं म्हणजे उधळपट्टी करायला सांगणं.

छंदाच्या आधी मात्र मी दुसरंच तपासते. झोप, भूक, वजन, विसरभोळेपणा, दारू. आणि सरळ विचारते, मरावंसं वाटतं का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अप्पा म्हणाले, “मरावं वाटत नाही. पण सकाळ झाली की नको वाटतंय.” मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, बी-१२ मात्र बरंच कमी निघालं. माळकरी घर, मांस-अंडी वर्ज्य, दूधही चहापुरतं. त्याचं औषध सुरू झालं. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन खिन्न, कशातच रस नाही, झोप उडालेली, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय, अशी अवस्था असेल तर छंद शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही त्यासाठीच आहे, फुकट आणि मराठीतही बोलतात.

पुढची चूक माझी. मी त्यांना यादी दिली. हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, गच्चीवर कुंड्या. अप्पा सरकारी माणूस. वरून आदेश आला म्हटल्यावर अंमलबजावणी केली. तीन आठवड्यांनी वहीत लिहून अहवाल घेऊन आले. हास्यक्लब : सहा दिवस उपस्थित. “हसायचं तर हसू, पण कशाला हसायचं तेच सांगत नाहीत.” भजनी मंडळ : टाळ कुणी धरायचा यावरून दोन गट, आपण तिसऱ्यात. ज्येष्ठ नागरिक संघ : बीपी आणि सुनांखेरीज विषय नाही. कुंड्या : चार मिरच्या, आठ टोमॅटो, पाणी दररोज पाच लिटर. शेवटी शेरा, ‘फरक नाही’.

तो शेरा मला होता. मग मी यादी बाजूला ठेवली आणि जो प्रश्न आधीच विचारायला हवा होता तो विचारला. नोकरीत असं काय केलंत, जे कुणी सांगितलं नव्हतं, ज्याचे पैसे नव्हते, आणि केलं नसतं तरी साहेब बोलले नसते?

बराच वेळ गप्प. मग “तसं काही नाही” म्हणाले आणि गेले.

पुढच्या वेळी खताच्या दुकानाची पिशवी घेऊन आले. आत खिशात मावणाऱ्या डायऱ्या, एकावर एक, रबर लावलेल्या. रबर जुनं होऊन पुठ्ठ्याला चिकटलेलं. मी एक उघडली. पानाच्या मधोमध निळ्या शाईत पातळी, गेट, वेळ. कडेला मात्र पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात दुसरंच काही, पक्ष्यांच्या नोंदी. ‘धोबी आला.’ ‘चारीच्या भरावात खंड्याचं बीळ, पिल्लं असावीत.’ ‘भोरड्या उतरल्या, ज्वारी हुरड्यात.’ ‘वेडे राघू तारेवर ११.’ पानामागून पान, वर्षामागून वर्ष.

“हे कशाला लिहायचात?”

“उगंच.” मग जरा थांबून, “धोबी आला की पाऊस उलटला समजायचं. मग आमचे पाणीअर्जाचे दिवस. १५ ऑक्टोबरला रब्बी हंगाम धरतेत, हा त्याच्या जरा आधी येतोय. शेपूट वरखाली करत भरावावर चालतोय, धुणं धुतल्यासारखं. आपलं एक नातं असतंय म्हणा ना.”

छंद नाही म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीत ३४ वर्षांचा नाद होता. ‘नाद’ हाच शब्द मला जास्त पटतो. छंद लावावा लागतो, नाद असतो. तो बहुतेक वेळा नोकरीच्याच कडेला, पेन्सिलीनं लिहिलेला सापडतो. एका निवृत्त पोस्टमनला गावातली सगळी जुनी झाडं पाठ होती. एक शिक्षिका सहलीच्या निमित्तानं प्रत्येक गावची बारव उतरून बघायच्या. दोघांनीही मला “मला कशाची आवड नाही” असंच सांगितलं होतं.

मला वाटलं, काम झालं. म्हटलं, अप्पा, उद्यापासून सकाळी कालव्यावर जा, आणि फक्त कडेचं लिहा, मधलं नाही. चौथ्याच दिवशी काकूंचा फोन. अप्पांनी कालव्यावर नव्या पोराला गेट कसं धरायचं ते शिकवलं. तो म्हणाला, काका, तुम्ही आता घरी बसा. दोन शेतकऱ्यांनी जुनी ओळख काढून पाण्यासाठी गळ घातली. अप्पा परत ओट्यावर, आता तर जेवेनात.

मला आधीच कळायला हवं होतं. अधिकार गेलेल्या जागी माणूस पक्षी बघू शकत नाही, त्याला खुर्चीच दिसते. मग आम्ही जागा बदलली आणि एक नियम ठरवला : पाण्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही. अप्पांनी स्वतःच जागा सुचवली, त्यांच्या मूळ गावाजवळचा पाझर तलाव. १९७२च्या दुष्काळी कामावर बांधलेला. त्यांच्या आईनं त्याच्या बांधावर माती वाहिली होती. अप्पा तेव्हा शाळकरी पोर, आईच्या मागं जायचे ते कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या खाऊसाठी. “अजून तोंडात चव हाये,” म्हणाले.

आठवड्यात तीन दिवस, सकाळी सहा ते साडेआठ. मन लागो न लागो, घड्याळ बघून निघायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण घरची मंडळी उलटं समजतात. आधी उत्साह येईल मग बाहेर पडतील, अशी वाट बघत बसतात. उदास मनाला उत्साह आधी येत नसतो. पाय आधी निघतात, मन मागून येतं, कधी तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांत ‘आज बरं वाटलं का’ असं रोज विचारू नका.

पायात बूट, चप्पल नाही. गवतात घोणस असते. सोबत पाणी, आणि कुठे जातोय ते घरी सांगून. मार्चपासून साडेआठचं सातवर आणायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. पुण्याच्या मुलानं लगेच ८ बाय ४२ची दुर्बीण पाठवायची तयारी दाखवली. मी दोन महिने थांबायला सांगितलं. महागड्या वस्तूचं ओझं होतं. नाही वापरली तर अपराधी वाटतं, आणि ती कपाटातून आपल्याकडे बघत राहते.

सोबतीला शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना पक्ष्यांत काडीचा रस नाही. ते चहाच्या थर्माससाठी आणि मोटरसायकल चालवायला मिळते म्हणून जातात. अप्पा बांधावर बसले की हे खाली लिंबाखाली पेपर वाचतात. जोडी अशीच असावी. दोघंही उत्साही असले की स्पर्धा लागते.

खरी गंमत जानेवारीत झाली. भोरड्या तुम्ही पाहिल्या असतील, गुलाबी अंग, काळं डोकं. मध्य आशियातून येतात आणि हुरड्यातल्या ज्वारीवर अशा तुटून पडतात की माळ्यावर गोफण घेऊन उभं राहावं लागतं. सूनबाईंनी मोबाइलवर वाचून सांगितलं की फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावानं. किमान पंधरा मिनिटं मोजायचं आणि आकडा पाठवायचा. अप्पा म्हणाले, आकडा पाठवायचा तर तो नीट पाहिजे. पण हजारोंचा थवा मोजायचा कसा?

माझ्याकडे आले तेव्हा डोळे चमकत होते. “मॅडम, थवा म्हणजे वाहतं पाणीच की. आपण विसर्ग कसा काढतो? एका जागेवरून किती वेळात किती गेलं. एक बाभूळ धरली. तिच्यावरून दहा सेकंदांत किती गेल्या ते तीनदा मोजलं, सरासरी काढली. थवा किती वेळ चालला ते ड्रायव्हरनं घड्याळात बघितलं. गुणलं.” मग आवाज खाली आणून, “आकडा जास्त येऊ नये म्हणून दहा टक्के कमी धरले. खात्यात तसंच करायचो.”

आकडा सूनबाईंनी पाठवला. नळावरून जिला रडवलं होतं तीच. आता ती पक्ष्यांचे फोटो मोठे करून दाखवते आणि अप्पा तिला चोचीचा रंग लिहून घ्यायला सांगतात. घरातलं पाणी मोजणं बंद झालं का? नाही. पण आता ते महिन्यातून एकदा, मीटर बघून.

सगळं गोड झालं असं समजू नका. दिवाळीत मुलगा येऊन गेला की अप्पा आठवडाभर बसून असतात. पावसाळ्यात चिखलानं जाणं होत नाही तेव्हा जुनी चिडचिड डोकं काढते. मग ते आणि काकू, दोघं येतात. काकू आता एकट्याही येतात कधीकधी, त्यांचं स्वतःचं बोलायला. त्यांचा दुपारचा रेडिओ परत सुरू झालाय.

परवा सप्टेंबरच्या शेवटी सकाळी सातलाच त्यांचा फोन आला. मी जरा घाबरूनच उचलला.

“मॅडम, हे पहाटपासून गच्चीवर उभे हायेत. धोबी अजून आला नाही म्हणायलेत. मी म्हणलं, येईल की, त्याला काय मस्टरवर सही करायचीय? तुमच्याकडं दिसला का?”