रविवारी बसलेली सर्व्हिस मंगळवारी जाते कुठे?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. रविवारी सलग तीन तास बॅडमिंटनची एकच शॉर्ट सर्व्हिस मारलीस, शेवटी शेवटी शटल जाळीच्या पट्टीला घासून जायला लागलं, हात बसला असं वाटलं. आणि मंगळवारी मॅचमध्ये तीच सर्व्हिस वीतभर वर उठली, समोरच्या मुलीने ती सरळ तुझ्या पायाशी आपटली. यावरून ‘माझ्या हातात खेळच नाही’ असं तू ठरवूनही टाकलंस. इतकी घाई नको.

तिसऱ्या तासाला जे जमतं ते बरंचसं त्या तासापुरतं असतं. आधीची सर्व्हिस हातात ताजी असते, पुढची तिच्याच मापाने जाते. नव्याने काही जुळवावं लागत नाही. मॅचमध्ये मात्र प्रत्येक सर्व्हिस पहिलीच. मधे रॅली होते, तू धावतेस, धाप लागते, आणि मग हाताला तो अंदाज पुन्हा शोधून काढावा लागतो. हे शोधून काढणं तू घोटलेलंच नाहीस.

1986 साली गुड आणि मॅगिल या दोन संशोधकांनी नवशिक्यांना नेमक्या बॅडमिंटनच्याच तीन सर्व्हिस शिकवल्या: शॉर्ट (जाळीलगत जवळच पडणारी), लाँग (उंच, मागे जाणारी) आणि ड्राइव्ह (सपाट, वेगात जाणारी). काही जणांनी एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला. काहींना तिन्ही मिसळून दिल्या, पुढची कुठली याचा नेम नाही. नंतरच्या चाचणीत मिसळून शिकलेले सरस ठरले, आणि ज्या बाजूच्या कोर्टातून सरावच झाला नव्हता तिथूनही. गोम अशी आहे की असा सराव चालू असताना माणूस सहसा जास्त चुकतो. करणाऱ्याला वाटतं आपण मागे चाललोय, आणि बाजूला उभ्या असलेल्या कोचलाही ते बघवत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी अजून एकच फटका शंभर वेळा मारून घेतात. दिसायला छान दिसतं. अगदी सुरुवातीला, रॅकेटची पकडच बसलेली नसते तेव्हा, एकच गोष्ट घोटावीच लागते हेही खरं. ती पायरी तू कधीच ओलांडलीस.

तीन तासांचंही तेच. ब्रिटनमध्ये पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलं की रोज एकच तास बसणारे, रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत शिकले. तरी नाराज तेच होते, कारण दिवस जास्त लागले! तेव्हा रविवारचा उपास-पारणा बंद कर. रोज अर्धा तास, आणि रात्री वेळेवर झोप. हात शिकतो त्यातलं काही झोपेतही पक्कं होत असतं.

आता तुझ्या मोबाइलबद्दल. प्रत्येक सर्व्हिसनंतर व्हिडिओ बघतेस म्हणालीस. त्यामुळे शटल कुठे पडलं, रॅकेटवर कसं लागलं, हे तुझं तुला जाणवायच्या आत उत्तर समोर येतं. आधी स्वतः अंदाज बांध, चार-पाच मारून झाल्यावर एकदा बघ. आणि मारताना मनगटाकडे लक्ष नको. जाळीच्या पट्टीवरची एक जागा धर आणि शटल तिथून न्यायचं एवढंच डोक्यात ठेव. मनगटाचं काय करायचं ते मनगट बघून घेतं, आपण मधे पडलो की ते अडखळतं.

‘सगळं कळतंय, तरी जमत नाही’ असंही लिहिलंयस. कळणं आणि जमणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठतं. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या मेंदूवर 1953 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवं काही त्याच्या आठवणीत टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. आरशात सगळं उलटं दिसतं, भल्याभल्यांचा हात भरकटतो. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय याची त्याला आठवणच नसे. तुझं याच्या अगदी उलट चाललंय: आठवण पक्की, हात मागे. यूट्यूबवर आणखी दहा व्हिडिओ बघून ते अंतर भरणार नाही.

उद्यापासून तिन्ही सर्व्हिस मिसळून मार, बाजू बदलत राहा, मधे दोन-चार फटक्यांची रॅलीही होऊ दे. वहीत मात्र रोजच्या पहिल्या दहाच सर्व्हिस लिही, हात गरम व्हायच्या आधीच्या. पंधरा दिवसांनी तेवढे आकडे मला पाठव, शेवटच्या दहाचे नकोत.

तुझे,
सर