गोळी कमी करताना सांधे परत बोलायला लागले तर

बाळ,

तुझा मेसेज सकाळीच वाचला पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. वायसोलॉन, म्हणजे तुझी प्रेडनिसोलोन स्टिरॉइडची गोळी, दहा मिलिग्रॅमवरून साडेसातवर आली आणि चार दिवसांत बोटं आखडायला लागली म्हणून तू लिहिलंस की सगळं पाण्यात गेलं. नाही गेलं गं. आधी नक्की काय दुखतंय ते बघ, कारण स्टिरॉइड कमी करताना दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि आपण दोन्हीला नुसतं 'दुखतंय' म्हणतो.

पहिली गोष्ट म्हणजे खरा फ्लेअर, आमवात (सांध्यांचा रूमॅटॉइड आजार) परत उठला. त्यात सांधा सुजतो, हात लावला की कोमट लागतो, सकाळचा आखडलेपणा तासभर झाला तरी जात नाही, आणि मूठ आवळली की बोटांच्या गाठींमधले खळगे भरलेले दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे अंगाला गोळी कमी पडल्याचा त्रास, त्यात सगळं अंग ठणकतं, मांड्या जड होतात, जेवण नको वाटतं, मळमळतं, दुपारपर्यंत जीव गळून जातो, पण सांध्यावर सूज नसते. किडनीच्या वर ज्या ॲड्रिनल ग्रंथी असतात त्या रोज साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं स्टिरॉइड स्वतःच बनवतात, पण बाहेरून महिनोन्‌महिने आयतं मिळालं की त्या काम थांबवतात. म्हणून चाळीसवरून वीसवर येताना एवढं जाणवत नाही आणि साडेसातच्या खाली एकेक पायरी जड जाते, तिथे डॉक्टर महिना-महिना थांबवतात ते उगाच नाही.

मी हातांचा अंदाज भाकरीवरून घेते. ज्वारीचं पीठ मळताना मनगट किती साथ देतं, थापताना बोटं पूर्ण सरळ होतात का, तवा उचलायला दुसऱ्या हाताचा आधार लागतो का, हे रोज सकाळी कळतंच. तुझं शिवणकाम आहे तर तू मशीनवर बसल्यावर सुईत दोरा ओवता येतो का आणि कात्री किती वाजता नीट चालायला लागते ते बघ, एका वहीत तारीख, डोस, आखडलेपणा किती वेळ आणि कुठला सांधा सुजला एवढंच लिही. डॉक्टर ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघतीलच पण ही वही बघितली की त्यांना पटकन कळतं.

आणि खरा फ्लेअर असला तरी घाबरू नकोस. १९४८ साली अमेरिकेत पहिल्यांदा आमवाताच्या पेशंटला कॉर्टिसोन दिलं, अंथरुणाला खिळलेली बाई थोड्या दिवसांत चालायला लागली, १९५० ला त्या कामाला नोबेल मिळालं, पण औषध थांबवलं की त्रास परत येतो हेही त्याच सुरुवातीच्या काळात दिसलं होतं. स्टिरॉइड आग दाबतं, बाकी काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधानं करायचं असतं आणि त्याला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की दरवेळी एकाच डोसपाशी येऊन सांधे सुजत असतील तर डॉक्टरांना सरळ विचार, मूळ औषध, म्हणजे मेथोट्रेक्सेट, पुरतंय का, ते वाढवायचं की बदलायचं. लोक हा प्रश्न विचारतच नाहीत, वर्षानुवर्षं दहावर बसून राहतात, मग हाडं आणि शुगर दोन्ही भोगतात. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच हं, तुझा ठरलेला वार घरच्यांनाही सांगून ठेव, रोज घेतलं तर जिवावर बेततं.

डोस मात्र मनानं वाढवू नकोस आणि मनानं बंद तर अजिबात करू नकोस. एकदम बंद केली किंवा उलटीत गोळी पडून गेली तर बीपी खाली जातं, चक्कर येते, माणूस बरळायला लागतं. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात जुलाब-उलट्या काही नवीन नाहीत, तेव्हा 'ऊन लागलं' म्हणून सरबत पिऊन झोपू नकोस, गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ आणि दारातच सांग की मी एवढे महिने स्टिरॉइडवर आहे. मोबाईलच्या कव्हरमध्ये औषध, डोस, कधीपासून एवढी चिठ्ठी ठेव. ताप आला किंवा दाढ काढायची असली तरी आधी फोन करून डोसचं विचार.

मेडिकलमधून दुखण्याची गोळी न विचारता घ्यायची नाही, स्टिरॉइडबरोबर पोटात अल्सर होऊ शकतो. आणि 'वात मुळासकट घालवतो' म्हणून पुड्या देणारे कोणी शेजारीण सुचवेल तर लांबूनच नमस्कार कर, अशा बऱ्याच पुड्यांत न सांगता स्टिरॉइडच मिसळलेलं सापडलंय, मग तू इथे अडीच कमी केलंस आणि तिथून किती गेलं कोणालाच कळणार नाही. शेंगाचटणी खा पण मीठ बेतानं.

चेहरा सुजलाय म्हणून बायका 'तब्येत सुधारली' म्हणतात त्याचं तू लिहिलंस, मला वाचून वाईट वाटलं. डोस उतरला की चेहरा हळूहळू उतरतो, खरंच उतरतो.

आता एप्रिल-मे म्हणजे शाळेच्या युनिफॉर्मची घाई, कारखान्यात रात्रीपर्यंत बसवतील. पुढची पायरी नेमकी त्याच आठवड्यात नको, डॉक्टरांना कामाचं सांगून तारीख ठरवून घे. गोळी सकाळी नाश्त्यानंतर, रोज एकाच वेळी. या आठवड्याची वही लिहून झाली की मला फोटो पाठव, अपॉइंटमेंटला जायच्या आधी आपण दोघी बसून काय विचारायचं ते लिहून काढू.

तुझी मावशी