सिलिकावर बांधलेला पॅलेडियम खरंच तिथेच राहतो का?

एमएस्सीच्या प्रकल्पात सिलिकावर (घन आधारावर) बांधलेला पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून मग गाळून पुन्हा वापरता येईल का, आणि गोव्यात वेर्ण्यातल्या औषध कारखान्यांत हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. गाळता येईल, पण तो बांधलेलाच राहिला हे सिद्ध करावं लागेल.

सिलिकाच्या हायड्रॉक्सिल गटांना तुम्ही अमिनोसिलेन (पॅलेडियमला नायट्रोजनने धरून ठेवणारा जोडरेणू) जोडलाय. हा बंध बऱ्यापैकी पक्का असतो. कमजोर दुवा नायट्रोजन आणि धातू यांच्यातला. सुझुकी अभिक्रियेत (पॅलेडियमच्या मदतीने दोन रेणूंतले कार्बन जोडणाऱ्या) अरिल हॅलाइड, म्हणजे तिच्यातला एक कच्चा माल, पॅलेडियमला द्रावणात ओढून नेऊ शकतं, आणि अभिक्रिया संपून थंड झाली की तोच धातू परत सिलिकावर बसू शकतो. म्हणून थंड गाळण स्वच्छ निघालं, एवढ्यावर मुळीच समाधान मानू नका.

अभिक्रिया अर्धी झाली की मिश्रण गरम असतानाच गाळा आणि नुसतं गाळण त्याच तापमानाला, बेस घालून, चालू ठेवा. उत्पादन वाढत राहिलं तर काम द्रावणातला धातू करतोय. वाढलं नाही तरी आयसीपी-एमएसने (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्राने) गाळणातला पॅलेडियम मोजाच. औषधांसाठी हा आकडा फार महत्त्वाचा: तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाऊ नये, अशी आयसीएचची (औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) मर्यादा आहे.

पुनर्वापर दाखवताना शेवटचं उत्पादन नव्हे, सुरुवातीचा वेग तपासा; निम्मा उत्प्रेरक मेला तरी रात्रभरात ९५ टक्के उत्पादन मिळू शकतं. आणि तीव्र अल्कली वापरत असाल तर सिलिका स्वतःच विरघळते, तिथे कार्बनचा आधार बरा.