बापिओत नाव घालू का? मिरजेच्या ज्युनिअरला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: प्लॅबचे, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचे, दोन्ही भाग झालेत, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, आणि कुणीतरी सांगितलंय की ‘बापिओ’त, म्हणजे ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेत, आधीच नाव घाल. त्याने नोकरी मिळते का? नाही मिळत. इथेच थांबता आलं असतं, पण तुझा प्रश्न वाचून 2006 साल डोक्यात शिरलं आणि रात्रपाळी करून आले तरी झोप लागेना. व्हिसा, फी, जीएमसीची (इथल्या वैद्यक परिषदेची) नोंदणी हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते तिथेच वाच.

1975 पर्यंत आपल्या एमबीबीएसवर इथे थेट नोंदणी मिळायची. त्या वर्षी ती मान्यता गेली आणि परीक्षा आली. तीच पुढे प्लॅब झाली. ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशनही 1975 चीच. त्या पिढीतल्या लोकांनी वेल्समधल्या खाणींच्या गावांत दवाखाने चालवले, म्हाताऱ्या माणसांचे वॉर्ड सांभाळले. निवृत्तीच्या समारंभात ‘त्यांनी जेरियाट्रिक्सला वाहून घेतलं’ असं म्हणतात. वाहून कसलं घेतलं! जागा तिथेच मिळायच्या. बापिओ त्यामानाने अलीकडची, 1996 ची. मी आले तेव्हा मला ती कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, मंडळींची जेवणावळ वाटायची.

मी आले 2004 मध्ये. लंडनच्या ईस्ट हॅमला एका खोलीत चौघी राहायचो, मग बिनपगारी अटॅचमेंट (हॉस्पिटलात नुसतं बघून शिकायचं), मग बालरोगात एसएचओची, म्हणजे ज्युनिअर डॉक्टरची, नोकरी. तेव्हा ट्रेनिंगला, म्हणजे शिकत शिकत कन्सल्टंट होण्याच्या नोकऱ्यांना, वर्क परमिट लागत नसे. मार्च 2006 मध्ये सरकारने ते बंद करायचं जाहीर केलं आणि 3 एप्रिलपासून लागूही केलं. महिनाभराचीसुद्धा मुदत नाही. माझ्याकडे एचएसएमपी, म्हणजे उच्चकुशल लोकांसाठीचा व्हिसा, होता, म्हणून मी निर्धास्त होते. तर त्याच एप्रिलमध्ये आरोग्य खात्याची एक सूचना एका वेबसाइटवर आली: आधी इथले आणि युरोपातले उमेदवार बघा, कुणी मिळालं नाही तरच एचएसएमपीवाल्यांचा विचार करा. कायदा नाही, नियम नाही, नुसती सूचना. मला एका हॉस्पिटलचं मुलाखतीचं पत्र आलं होतं. पाठोपाठ दुसरं आलं, पहिलं विसरा म्हणून.

बापिओ लंडनमध्ये रस्त्यावर उतरली आणि मग कोर्टात गेली. फेब्रुवारी 2007 मध्ये हायकोर्टात हरली, नोव्हेंबरात अपिलात जिंकली, आणि 30 एप्रिल 2008 ला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सर्वात वरचं कोर्ट तेच) ती सूचना बेकायदा ठरवली. मीही त्यासाठी पाउंड पाठवले होते. पण जिंकलो म्हणजे नेमकं काय, ते समजून घे. सूचना गेली, परमिटशिवायचं ट्रेनिंग काही परत आलं नाही. आणि तोवर मी स्टाफ ग्रेडची, म्हणजे ट्रेनिंगबाहेरची, नोकरी धरलेली. घराचा हप्ता सुरू, मुलगी शाळेत. मी आजही ट्रेनिंगच्या बाहेरच आहे. माझ्यानंतर आलेले दोघे आता माझे कन्सल्टंट आहेत. चांगले आहेत बिचारे, मला विचारून निर्णय घेतात. तरी निकालाचा विषय निघाला की मला टाळ्या वाजवता येत नाहीत.

2014 मध्ये जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, परीक्षेवरून संघटना पुन्हा कोर्टात गेली. बाहेरून आलेल्यांचं आणि गोऱ्या नसलेल्यांचं नापास होण्याचं प्रमाण फार होतं. खटला हरली, पण न्यायाधीशांनीच त्याला नैतिक विजय म्हटलं. नैतिक विजयाने परीक्षा पास होत नाही, हे वेगळं.

मुलीच्या शाळेचं विचारलंस. फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असं असतं. मी मराठी लिहिलं. तेवढ्यावरून सांगलीच्या इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्या मुलीला वेगळ्या टेबलावर चित्रांची कार्डं घेऊन बसवलं. मी दिवसभर आईबापांना त्यांच्या मुलांचं मेंदूज्वराचं निदान इंग्रजीत समजावून सांगायचे आणि संध्याकाळी शाळेतल्या बाई माझ्याशी एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. घरीही इंग्रजीच बोला म्हणाल्या. काही महिन्यांत मुलीने मराठीत उत्तर देणं सोडलं. आता ती नोकरीला लागली, तिला यातलं काही आठवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तू मराठीच लिही, पण त्यावरून मुलीला कुठे बसवणार ते शाळेकडून लेखी माग.

एकटेपणा? असतो. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जरा जास्त. पुढे चल.

आता कामाचं. जुलै 2025 च्या सरकारी आरोग्य आराखड्यात स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी इथल्या पदवीधरांना आणि इथे बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य द्यायचं लिहिलंय. 2006 मध्ये अंधारात केलं, आता उजेडात करतायत, एवढाच फरक. ट्रेनिंगबाहेरच्या नोकरीवर यायचं असेल तर तसं ठरवूनच ये, ‘एकदा आत शिरू, मग बघू’ म्हणून नको.

बापिओत नाव घाल, पण गळ्याशी येण्याआधी. तक्रार झाली की हॉस्पिटलचं संरक्षण नुकसानभरपाईच्या दाव्यापुरतं असतं, जीएमसीपुढे तुझं तू. तेव्हा कुठल्या पत्राला लगेच उत्तर द्यायचं आणि कुठल्या पत्राला वकिलाशिवाय नाही, हे सांगणारं माणूस लागतं. पहिल्या पगाराच्या आधी मेडिकल डिफेन्सचंही, म्हणजे तक्रारीत डॉक्टरच्या बाजूने उभं राहणाऱ्या संरक्षणाचंही, बघ.

दिवाळीच्या जेवणाला गेलीस तर पन्नाशी-साठीतल्यांच्या टेबलावर बस आणि 2006 मध्ये कुठे होतात, ते विचार. काही जण तासभर सांगतील, काही जण वाढून घ्यायला उठतील. मी उठणाऱ्यांतली. तू समोर नाहीस म्हणून एवढं लिहिलं गेलं.