पेट्रोल पंपावरचं हवा भरायचं जुनं मशीन मिळालंय, अमेरिकन एको टायरफ्लेटर, अंगावर तीन-चार थर रंग चढलाय, हँडल जाम आहे, घंटी वाजत नाही. आधी सँडब्लास्ट करून (म्हणजे वाळूचा मारा करून जुना रंग काढून) रंगवून घेऊ का?

नका हो, रंगाचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. मी अशी दोन मशीनं चालू केलीत, आणि पहिल्याच्या वेळी मी पण आधी रंगच दिला होता, दिसायला एकदम झकास झालं, मग आतला डायफ्राम (हवेच्या दाबाने हलणारा रबरी पडदा) फाटलेला निघाला म्हणून सगळं परत खोललं तर प्रत्येक स्क्रूभोवती नव्या रंगाचे टवके उडाले. फार वाईट वाटलं होतं.

खरं म्हणजे हे मोजमापाचं यंत्र आहे. हँडल फिरवलं की खिडकीतला आकडा बदलतो, समजा ३२ पीएसआय लावला, तर आत एक स्प्रिंग त्या हिशोबाने दाबली जाते. हवा टायरमध्ये सलग जात नाही, थांबत थांबत झटक्याने जाते आणि दर झटक्याला घंटीवर ठोका पडतो, टायरचा दाब लावलेल्या आकड्याला पोचला की झटके बंद, घंटी पण गप्प. म्हणजे टायरपाशी बसलेल्या माणसाला वर बघावंच लागत नाही, कानानेच कळतं! मला या मशीनचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. म्हणूनच घंटी वाजत नसेल तर घंटीला दोष देऊ नका, बहुतेक वेळा डायफ्रामचं रबर कडक झालेलं असतं नाहीतर व्हॉल्व्ह गंजून चिकटलेला असतो.

हँडलला पाना लावून जोर अजिबात करू नका, आतले दाते तुटले तर तसेच परत मिळणं मुश्किल. गंज सोडवायचं तेल सोडा आणि वाट बघा. माझ्या दुसऱ्या मशीनला पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडत होतो, सहाव्या दिवशी हँडल जेमतेम केसभर हललं आणि शाफ्टच्या कडेने कोऱ्या चहासारखं तांबूस तेल बाहेर आलं. तिथे उतावीळ व्हायचं नाही, थोडं मागे थोडं पुढे, परत तेल, असं करत करत अर्ध्या तासात पूर्ण फेरा मिळाला.

हँडल सुटलं की आकडा सगळ्यात खाली आणा म्हणजे स्प्रिंग सैल होते, मग हवेची लाइन काढलेली आहे ना ते बघून खोला. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोटो. डायफ्राम नवीन कापताना कापड घातलेलं नायट्रिल रबर घ्या आणि जाडी जुन्याइतकीच ठेवा, जाड झालं तर लावलेला आकडा आणि टायरमधला दाब यांचा मेळ बसत नाही. पितळी पार्ट नुसते धुवून पुसा, पॉलिश नंतर कधीही होईल.

सँडब्लास्ट करायचंच असेल तर फक्त रिकाम्या केसला, म्हणजे बाहेरच्या पेटीला. यंत्र आत ठेवून मारलं तर वाळूचा एखादा कण व्हॉल्व्ह जिथे घट्ट बसतो त्या सीटवर जाऊन बसतो आणि मग हवा गळतच राहते. दुसरं म्हणजे शिसं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ साली आणि ही मशीनं त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे जुन्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा सँडपेपर मारू नका, रंग काढायचं केमिकल लावून ओलाच खरवडा, हातमोजे आणि चांगला मास्क घालून, आणि मुलांना लांब ठेवा. ब्लास्टिंग बाहेर करून घेणार असाल तर त्यांना शिशाचं आधी सांगा.

जोडून झालं की कॉम्प्रेसरची पूर्ण हवा एकदम सोडू नका, रेग्युलेटर लावून १०-१५ पीएसआयपासून सुरुवात करा, सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात बघा, आणि डोळ्यांना गॉगल हवाच. नंतर टायर भरून २०, ३०, ४० वर चांगल्या गेजने ताडून बघा.

एवढं झालं की मग खुशाल रंगवा. मूळ शेड कुठला होता ते पाहायचं असेल तर डायलच्या पट्टीमागे बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं आणि वरून मारलेला रंगही बहुतेक पोचलेला नसतो.