वाचकांचे प्रश्न : जॅक चार्ल्टन, बॅकला खेळलेला मॅनेजर

मागच्या अंकात १९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपवर चार ओळी होत्या आणि त्यात जॅक चार्ल्टनचं, म्हणजे तो कप जिंकलेल्या इंग्लंडच्या सेंटर बॅकचं (बचावात मधोमध खेळणाऱ्याचं) आणि पुढे आयर्लंडच्या मॅनेजरचं, नाव ओझरतं आलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, पेठेतल्या टीमकडून सेंटर बॅक खेळतो. उंच आहे पण पाय जरा जड, ड्रिबलिंग जमत नाही. त्याचे मित्र सगळे फॉरवर्ड. परवा रडवेला होऊन म्हणाला, मला नुसतं उंच म्हणून मागं उभं करतात, बॅकला कोण ओळखतं. त्याला सांगण्यासारखं काही आहे का? (एक वडील, कोल्हापूर)

आहे, आणि त्याला जॅकचीच गोष्ट सांगा, कारण जॅकच्या घरात तर हा प्रॉब्लेम रोज जेवायला सोबत बसायचा. धाकटा भाऊ बॉबी चार्ल्टन, म्हणजे पुढे इंग्लंडकडून ४९ गोल मारणारा, लहानपणापासून सगळ्यांच्या कौतुकाचा, आणि जॅक थोरला, लांब मानेचा, लांब पायांचा, ज्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षाच नव्हती. गाव अ‍ॅशिंग्टन, इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंडमधलं, कोळशाच्या खाणींचं. वडील खाण कामगार. आई सिसी मात्र फुटबॉलवाल्या मिलबर्न घराण्यातली, तिचे चार भाऊ प्रोफेशनल खेळाडू आणि न्यूकॅसलचा स्टार जॅकी मिलबर्न नात्यातला. पोरांना अंगणात फुटबॉल शिकवायची ती आईच.

पंधराव्या वर्षी लीड्स युनायटेडने ट्रायलला बोलावलं तर जॅक नाही म्हणाला आणि वडिलांसारखा खाणीत गेला. थोड्याच दिवसांत कळलं की हे आपलं काम नाही. मग पोलिसात भरती व्हायचा अर्ज केला आणि नेमका त्या इंटरव्ह्यूच्याच दिवशी लीड्सच्या ट्रायलची मॅच आली. यावेळी तो मॅचला गेला, आणि १९५३ ते १९७३ एकाच क्लबकडून ७७३ मॅच खेळला. लीड्सचा हा रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर आहे.

पण तुमच्या मुलाला हे आकडे सांगू नका, त्याला वय सांगा. जॅक इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला तो एप्रिल १९६५ मध्ये, तिसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना. त्याआधी कितीतरी वर्षं तो लीड्समध्ये एक भांडखोर, बेशिस्त बॅक म्हणूनच ओळखला जायचा. डॉन रेव्ही त्याच्यासोबत खेळत होता तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं होतं की मी मॅनेजर असतो तर तुला टीममध्ये घेतलं नसतं, आणि १९६१ ला तोच रेव्ही लीड्सचा मॅनेजर झाला! त्या रेव्हीच्याच हाताखाली जॅक सुधारला. आपल्याला काय जमतं आणि काय नाही याचा त्याने नीट हिशेब मांडला. ड्रिबल जमत नाही ना, मग करायचंच नाही. बॉल काढून घ्यायचा आणि ज्याला जमतं त्याच्याकडे द्यायचा. हेडर जबरदस्त, तर कॉर्नरला सरळ समोरच्या गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं. कीपरला बाहेर येता येईना आणि सगळे चिडायचे, पण नियमात काही चूक नव्हती.

जॅक स्वतः सांगायचा की त्याने एकदा इंग्लंडचे मॅनेजर आल्फ रॅमसे यांना विचारलं, मला का निवडलंत? रॅमसे म्हणाले, माझ्या डोक्यात खेळाची एक पद्धत आहे, तिच्यात बसणारे खेळाडू मी घेतो, दरवेळी सगळ्यात चांगलेच घेतो असं नाही. दुसरा कुणी दुखावला असता, पण जॅकने ते वाक्य आयुष्यभर जपलं, आणि मला वाटतं त्याचं पुढचं सगळं कोचिंग त्याच एका वाक्यातून आलंय.

१९६६ ला तो इंग्लंडच्या सहाही मॅच खेळला. सेमीफायनलला पोर्तुगालविरुद्ध हाताने बॉल अडवला म्हणून त्यांना पेनल्टी मिळाली. फायनलला शेवटच्या मिनिटात पश्चिम जर्मनीला मिळालेली फ्रीकिक पण त्याच्याच फाऊलवर, आणि त्यावरच २-२ झालं. तरी एक्स्ट्रा टाइममध्ये इंग्लंड ४-२ जिंकलं आणि शिट्टी वाजल्यावर जॅक ग्राऊंडवर गुडघ्यांवर बसला आणि तोंड हातांत झाकून घेतलं. तो फोटो मुलाला दाखवा. पुढच्याच वर्षी, १९६७ ला, इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं, तेव्हा बॅकला कोण ओळखतं याचं उत्तर तिथेच आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त डब्लिनला असते. इथली वयस्कर माणसं जॅकचं नाव निघालं की अजून हळवी होतात. मला नवल वाटतं, हा तर इंग्लिश माणूस, आणि आयर्लंड-इंग्लंड इतिहास आपल्याला माहीत आहेच. हे कसं जमलं? (एक वाचक, डब्लिन)

सुरुवातीला नाहीच जमलं ताई. फेब्रुवारी १९८६ ला तो आयर्लंडचा मॅनेजर झाला, पहिलाच परदेशी, आणि तोही इंग्लिश, त्यात उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराचे ते दिवस. पहिली मॅच घरच्या ग्राऊंडवर वेल्सविरुद्ध हरले.

तोपर्यंत मॅनेजर म्हणून त्याची पाटी चांगली होती पण डोळे दिपवणारी नव्हती. १९७३ ला मिडल्सब्रो क्लब हाती घेतला आणि पहिल्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून दिली, तीही दुसऱ्या नंबरपेक्षा १५ पॉइंट जास्त घेऊन, तेसुद्धा जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळायचे त्या काळात. मग शेफील्ड वेन्सडे तिसऱ्या डिव्हिजनमधून वर आणलं, मग न्यूकॅसलला एक सीझन, तिथे प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर राजीनामा. मधे १९७७ ला इंग्लंडच्या मॅनेजरपदासाठी अर्ज केला होता, त्याला उत्तरसुद्धा आलं नाही. वर्ल्ड कप जिंकून दिलेल्या माणसाला एक साधं पत्र पाठवायला काय जात होतं, मला हे वाचलं की अजून राग येतो.

आयर्लंड तोवर एकाही मोठ्या स्पर्धेला पोचलेलं नव्हतं. १९८८ च्या युरोला, म्हणजे युरोपच्या देशांच्या स्पर्धेला, पोचले तेही नशिबाने, स्कॉटलंडच्या गॅरी मॅकायने सोफियात गोल मारून आयर्लंडच्याच गटातल्या बल्गेरियाला हरवलं म्हणून. आणि तिथे पहिलीच मॅच कुणाशी, तर इंग्लंडशी. १२ जून १९८८, श्टुटगार्ट, सहाव्या मिनिटाला रे हाउटनचं हेडर आणि १-० ने आयर्लंड जिंकलं. त्या दिवसापासून जॅक त्यांचा झाला. मग १९९० ला आयर्लंडचा पहिला वर्ल्ड कप आणि थेट क्वार्टर फायनल, १९९४ ला अमेरिकेत इटलीला १-० हरवलं, परत हाउटनच. जेमतेम पस्तीस लाखांचा देश, त्यातले कितीतरी कामासाठी बाहेर गेलेले, आणि ती बाहेर गेलेली माणसंच या टीममध्ये होती बघा. हाउटन ग्लासगोचा, ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा, कॅप्टन मिक मॅकार्थी बार्न्सलीचा, कुणाचे आईवडील आयरिश तर कुणाची आजी. काही जण नाकं मुरडायचे, पण जॅकने त्या पोरांना आजोळी परत आणलं असंच मी म्हणेन. तुम्ही स्वतः घर सोडून राहताय, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तुमच्या ऑफिसातल्या कुणालातरी आयर्लंडच्या टीममधल्या पॉल मॅकग्राबद्दल विचारा. गुडघे गेलेले, दारूचं व्यसन, कधी मॅचलाच यायचा नाही, आणि जॅक, जो बाकीच्यांना उभा-आडवा घ्यायचा, त्याने याला मात्र मुलासारखं सांभाळलं. १९९६ ला आयर्लंडने जॅकला मानद नागरिकत्व दिलं.

प्रश्न : पण सर, जॅकची टीम नुसता बॉल उंच मारायची. हे कसलं कोचिंग? आम्ही पोरांना पासिंग शिकवायला घसा कोरडा करतो आणि तुम्ही अशांचं कौतुक करता. (एक प्रशिक्षक, पुणे)

तुमचं अर्धं म्हणणं मान्य. १९९० ला आयर्लंड क्वार्टर फायनलला पोचलं ते ९० मिनिटांत एकही मॅच न जिंकता. चार ड्रॉ, त्यातला चौथा रुमानियाशी पेनल्टीवर जिंकला, आणि मग रोममध्ये इटलीकडून ०-१. इजिप्तबरोबरचा ०-० इतका कंटाळवाणा होता की ईमन डन्फी या आयरिश समीक्षकाने टीव्हीवर वैतागून पेन फेकलं.

पण बॉल ‘नुसता’ उंच मारला जायचा हे खरं नाही. जॅकने पाहिलं होतं की त्या वेळच्या इंटरनॅशनल टीम मागून हळूहळू खेळ बांधतात, त्यांचे बॅक स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावायला घाबरतात. मग त्यांच्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बॅकच्या, पाठीमागे, कोपऱ्यात बॉल टाकायचा, त्यांना मागे वळायला लावायचं आणि सगळ्या टीमने तिथेच, त्यांच्याच गोलजवळ, तुटून पडायचं. म्हणजे आज ज्याला आपण हाय प्रेस म्हणतो त्यातला मोठा भाग. आणि इंटरनॅशनल मॅनेजरला वर्षातून मोजके दिवस मिळतात, त्यात इंग्लिश लीगमधल्या पोरांना जे आधीच येतं तेच पक्कं करायचं हा विचार शहाणपणाचा होता.

जिथे तो चुकला ते मी झाकणार नाही. लियम ब्रेडीसारखा कलाकार मिडफिल्डर, १९८९ च्या पश्चिम जर्मनीबरोबरच्या मैत्रीच्या मॅचमध्ये जॅकने त्याला हाफटाइमच्या आधीच बाहेर काढलं, डब्लिनच्या प्रेक्षकांसमोर. ते क्रूर होतं. डेव्हिड ओलिअरीला पण किती काळ बाहेर ठेवलं, का तर १९८६ ला आइसलंड दौऱ्यासाठी आयत्या वेळी बोलावल्यावर त्याने घरच्यांबरोबरची ठरलेली सुट्टी मोडली नाही म्हणून. आणि रुमानियाविरुद्धची शेवटची पेनल्टी मारून देशाला पुढे नेलं कुणी, तर याच ओलिअरीने. तुमच्या पोरांना पासिंग शिकवाच, फक्त बॉल गेल्यावर काय करायचं हे जॅककडून घ्या.

प्रश्न : दोघा भावांचं पटत नव्हतं हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

बरीच वर्षं दुरावा होता, घरगुती कारणांवरून, आणि ते लपून राहिलं नाही. पण २००८ ला बीबीसीने बॉबीला जीवनगौरव दिला तेव्हा तो द्यायला जॅकच उभा होता आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. यापेक्षा जास्त खोलात मला जावंसं वाटत नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, अकॅडमीत रोज हेडरची प्रॅक्टिस घेतात. जॅकला शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता असं वाचलं आणि झोप उडाली. काय करू? (एक आई, ठाणे)

खरंय, जॅक १० जुलै २०२० ला ८५ व्या वर्षी गेला तेव्हा त्याला कॅन्सर होता आणि स्मृतिभ्रंशही. १९६६ च्या फायनलमधल्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि दोघं चार्ल्टन भाऊ, पाच जणांना हा आजार झाला. एकेका माणसाला तो हेडरमुळेच झाला असं ठामपणे म्हणता येत नाही, पण ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी प्रोफेशनल खेळाडूंचा अभ्यास केला, त्यात मेंदूच्या अशा आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण साडेतीनपट निघालं. त्यानंतर २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना प्रॅक्टिसमध्ये हेडर द्यायचेच नाहीत असं ठरवलं.

तेव्हा उद्याच कोचना भेटा, आणि भांडायला म्हणून नाही, शांतपणे सांगा की हिला हेडरची प्रॅक्टिस नको, त्या वेळात पायाचं काम द्या. आणि कधी डोक्याला लागलं, चक्कर आली, उलटी झाली, वागणं वेगळं वाटलं तर त्या दिवशी परत ग्राऊंडवर पाठवू नका, कितीही हट्ट केला तरी, आधी डॉक्टर. फुटबॉल मात्र सोडवू नका तिचा.