बागेतल्या लाकडी मांडवाला रंग: स्प्रे गन की ब्रश?

प्रश्न: गंगापूर रोडला आमच्या घरापुढे लाकडी पर्गोला आहे. चार सागवानी खांब, वर पट्ट्या, दोन बाजूंना जाळी आणि त्यावर कृष्णकमळाचा वेल. आधी मारलेला ऑइल पेंट आता पापुद्रे निघून गळतोय. पेंटर म्हणतो गनने अर्ध्या दिवसात उरकतो, सासरे म्हणतात ब्रशच पाहिजे. दिवाळीआधी व्हायला हवं, काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, सासऱ्यांचं ऐका. गन वाईट नसते, सपाट दरवाजा किंवा कपाट असेल तर मस्तच फिनिश येतं, पण जाळीवर गन मारली की अर्ध्याहून जास्त रंग भोकांतून आरपार जातो आणि वाऱ्याने शेजाऱ्यांच्या गाडीवर बसतो. शिवाय उघड्यावरच्या लाकडात रंग नुसता वर बसून चालत नाही, तो फटीत, सांध्यात घासून भरावा लागतो आणि ते काम ब्रशच करतो. खांबांच्या सपाट बाजूंना चार इंची छोटा रोलर फिरवा, पण लगेच वरून कोरडा ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढून घ्या. जाळीला आधी एक इंची ब्रशने आतल्या कडा, मग दोन इंचीने समोरची बाजू, आणि दर दहा मिनिटांनी मागे जाऊन ओघळ पुसायचे. स्क्रू काढून जाळी स्टुलांवर आडवी ठेवता आली तर काम निम्मं सोपं होतं. ऑइल पेंटला केसांचा ब्रश, पाण्याच्या रंगाला नायलॉनचा, ही अदलाबदल करू नका.

आता दिवाळीचं. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं असं मला मनापासून वाटतं. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, चार महिने भिजलेलं लाकूड वरून कोरडं दिसतं पण आत ओल असते, त्यावर रंग मारला की ऊन पडल्यावर ती ओल वाफ होऊन रंगालाच उचलते. तुमचे पापुद्रे बहुधा त्यातलेच. दिवाळी होऊ द्या, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घ्या, पेंटरही तेव्हा मोकळे असतात. मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजणारं यंत्र) मिळाला तर बघा, ओल १५ टक्क्यांच्या खाली आली की सुरू करा. थंडीत सकाळी दव असतं म्हणून दहाच्या आधी नाही आणि दुपारी तीननंतर नवा हात नाही, कारण ओल्या ऑइल पेंटवर दव बसलं की चकाकी जाते.

वेल आधी छाटून खाली उतरवा. सुटलेला रंग पत्रीने खरवडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी १२०, दोन्ही रेषांच्या दिशेने. धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे प्रायमरच्या आधी थिनरने भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर प्रायमर धरत नाही. भेगांत लांबी (पुट्टी) भरा. मग वूड प्रायमरचा एक पातळ हात, आणि पट्ट्यांची कापलेली टोकं व खांबाचे तळ यांना मात्र दोनदा, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. खांब थेट मातीत असतील तर कितीही भारी रंग मारा, तळ कुजणारच, खाली लोखंडी बूट (खांबाला मातीपासून वर धरणारी बैठक) बसवून घ्या. प्रायमर वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या.

वूड स्टेन चालेल का, तर हो, आणि सागाची नक्षी दिसते म्हणून मला तोच जास्त आवडतो, तो आत मुरतो म्हणून पापुद्रे धरत नाही, दोन-तीन वर्षांनी धुऊन हलकं घासून परत एक हात दिला की झालं. पण त्यासाठी जुना रंग मुळापासून काढावा लागतो. जाळीचं तेवढं खरवडणं जमणार नसेल तर ऑइल पेंटच ठेवा.

एक मात्र नक्की करा, जवसाच्या तेलाची किंवा ऑइल स्टेनची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.